भेगाळलेली भुई
(दुःखाविषयीं मंडळ्यांसाठीं एक अभ्यासपाठ)

शास्त्रपाठ : योहान ९:१–७, ईयोब २:११–१३, २ करिंथ १:३–७ व १२:७–१०.



वैशाखाच्या अखेरीस आमच्या यवतमाळ जिल्ह्यांतील काळ्या जमिनीकडे पाहिलें म्हणजे जीव कासावीस होतो. पैनगंगेच्या कांठापासून वर्धा नदीच्या खोऱ्यापर्यंत जेथें जेथें भारी जमीन आहे, तेथें तेथें भेगा पडलेल्या असतात. कांहीं इतक्या रुंद असतात कीं त्यांत बैलाचा पाय अडकावा. परक्या मनुष्यास वाटेल कीं ही भुई मेली. परंतु कास्तकार तसें समजत नाहीं. मृगाचें पहिलें पाणी ह्याच भेगांवाटे खोल उतरतें, वरचीं ढेकळें फुटून आंत पडतात, आणि जमीन जणूं आपली मशागत आपणच करिते, हें त्यास पिढ्यानुपिढ्या ठाऊक आहे. तथापि दुसरी गोष्टही त्यास तितकीच ठाऊक आहे. भेग म्हणजे पाऊस नव्हे. पाऊस आला नाहीं तर भेग ही केवळ भेगच राहते, आणि उभ्या पिकाचीं मुळें तोडते.

ह्या दोन्ही गोष्टी मनांत धरून आज आपण दुःखाविषयीं पवित्र शास्त्र काय शिकवितें तें पाहूं. दुःख स्वतः सुंदर नाहीं, आणि तें सुंदर आहे असें ख्रिस्तानें कोणासही शिकविलें नाहीं. परंतु दुःखानें फाटलेल्या अंतःकरणांत देवाची कृपा खोल उतरूं शकते. आणि ती उतरली म्हणजे तिचें पीक त्या एकाच घरीं राहत नाहीं, शेजाऱ्याच्या उपयोगीं पडतें. आजच्या पाठाचा सर्व अर्थ एवढाच आहे.

१. आमची एक चूक

आमच्या जिल्ह्याचें दुःख शोधण्यास पुस्तकांत जावें लागत नाहीं. महागांव तालुक्यांतील चिलगव्हाण येथील शेतकरी साहेबराव करपे ह्यांनीं १९ मार्च १९८६ रोजीं पत्नी व चार मुलें ह्यांसह जीवनयात्रा संपविली. त्या दिवसापासून आजपर्यंत नापिकी व कर्ज ह्यांच्या भारानें किती घरें खचलीं, हें तुम्हांस आम्हीं सांगावयास नको. त्यांतील कांहीं तुमच्याच वस्तींतलीं आहेत.

अशाच एका घरीं पुष्कळ वर्षांपूर्वीं आम्ही सांत्वनासाठीं गेलों होतों. कुटुंब मंडळींतलेंच होतें. घरधनी जाऊन तिसरा दिवस होता. आम्हीं बायबल उघडलें, चार वचनें वाचलीं, आणि मोठ्या धीरानें सांगितलें कीं ही देवाची इच्छा होती. ज्यांवर त्याची प्रीति त्यांचीच तो परीक्षा घेतो. दुःखानें मनुष्य सोन्यासारखा उजळतो. त्या बाईनें मान वर केली आणि विचारलें, “मास्तर, देवाले माह्यंच घर दिसलं काय?” आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. प्रार्थना आटोपून आम्ही निघालों. त्यानंतर सहा महिने ती उपासनेस आली नाहीं.

ती पुन्हा आली, पण आमच्या उपदेशामुळें नव्हे. त्याच गांवीं मंडळींतील एक वृद्ध विधवा राहत असे. तिच्यावरही पूर्वीं असाच प्रसंग गुदरला होता. तिला अक्षरओळख नव्हती. ती रोज पहांटे त्या घरीं जाई, अंगण झाडी, चूल पेटवी, चार भाकरी थापी आणि पोरांस जेऊं घाली. कित्येक रात्री ती तेथेंच निजली. देवाविषयीं ती फारसें कांहीं बोललीच नाहीं, असें आम्हांस मागाहून कळलें. एका रविवारीं दोघीजणी बरोबर आल्या आणि सतरंजीच्या शेवटच्या कडेला बसल्या. जें आम्ही शब्दांनीं करूं शकलों नाहीं तें तिनें भाकरीनें केलें.

आमची चूक ईयोबाच्या मित्रांची होती. ते तिघे प्रथम आले तेव्हां सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, आणि त्याचें दुःख फार मोठें आहे हें पाहून कोणी एक शब्द बोलला नाहीं. येथपर्यंत त्यांचें कांहीं चुकलें नाहीं. तोंड उघडून ते त्याच्या दुःखाचें कारण सांगूं लागले, तेव्हां चुकले. आणि शेवटीं देवाचा कोप ईयोबावर न होतां ह्या कारण सांगणाऱ्यांवर झाला (ईयोब ४२:७). उपदेशकांनीं हा अध्याय वारंवार वाचावा. दुःखितांच्या दारीं जातांना जीभ आवरावी आणि हात मोकळे ठेवावे.

२. कोणाच्या पापामुळें?

दुःख आलें म्हणजे आमच्या गांवांत दोन उत्तरें तयार असतात. एक असें कीं हा गतजन्मींच्या कर्माचा भोग. दुसरें असें कीं ह्या घरानें बाप्तिस्मा घेतला म्हणून कुळदैवत कोपलें. आणि खरें बोलावयाचें तर मंडळींतही एक तिसरें उत्तर हळूच कानांत सांगितलें जातें, कीं ह्या मनुष्याच्या हातून कांहीं गुप्त पाप घडलें असावें.

जन्मांधास पाहून शिष्यांनींही हाच प्रश्न केला. पाप कोणाचें, ह्याचें कीं ह्याच्या आईबापांचें? प्रभूनें दोन्ही नाकारलीं. त्याच्या आंधळेपणाचा हिशेब मागच्या पापाशीं न जुळवितां त्यानें शिष्यांची दृष्टि पुढें वळविली, कीं ह्याच्या ठायीं देवाचीं कार्यें प्रगट व्हावीं. शिष्य मागें पाहत होते. प्रभु पुढें पाहत होता. त्यांचा प्रश्न ‘हें कां झालें’ असा होता. त्याचा प्रश्न ‘आतां येथें देवाचें कोणतें कार्य व्हावयाचें आहे’ असा होता.

आणि एवढें बोलून तो निघून गेला नाहीं, हें ध्यानांत ठेवा. तो जमिनीवर थुंकला, चिखल केला, तो त्या मनुष्याच्या डोळ्यांस लाविला, आणि त्यास शिलोहाच्या तळ्यावर धुण्यास पाठविलें. दुःखाचा हेतु त्यानें व्याख्यानानें समजाविला नाहीं. आपले हात मातीनें मळवून तो पुरा केला. म्हणून जो उपदेशक ‘देवाचा कांहीं हेतु असेल’ असें म्हणतो, त्यानें त्या हेतूसाठीं आपले हात मळविण्यास तयार असावें; नाहीं तर तें वाक्य बोलूं नये.

कोणी म्हणेल, कांहीं दुःखें मनुष्य आपल्या हातानेंच ओढवून घेत नाहीं काय? घेतो. दारूनें घर बुडतें. लग्नाच्या थाटासाठीं काढलेल्या कर्जानें शेत जातें. परंतु हें ज्याचें त्याच्या विवेकानें देवापुढें कबूल करावें. शेजाऱ्यानें दारांत उभें राहून तें सांगूं नये.

३. वेदना जेथें नसते तेथें काय होतें

आपणांस वाटतें कीं वेदना मुळींच नसती तर किती बरें झालें असतें. कुष्ठरोगाच्या दुखण्यानें ह्याचें उत्तर दिलें आहे. आमच्या वऱ्हाडांत परतवाड्याजवळ कोठारा येथें कुष्ठरोग्यांसाठीं मिशनचें रुग्णालय आहे, तें तुम्हांपैकीं कित्येकांनीं पाहिलें असेल. हा रोग बोटें खाऊन टाकितो, अशी लोकांची फार दिवसांची समजूत होती. डॉक्टर पॉल ब्रँड ह्यांचा जन्म १९१४ सालीं तामिळ मुलखांतील कोल्ली डोंगरावर मिशनरी आईबापांच्या पोटीं झाला, आणि १९४६ पासून त्यांनीं वेल्लोर येथें रोग्यांच्या हातापायांवर उपचार केले. त्यांनीं बारकाईनें पाहिलें तेव्हां निराळेंच सत्य आढळलें. रोगानें मज्जातंतु मरतात, त्यामुळें वेदना कळत नाहीं. तापलेला तवा उचलला तरी हात मागें येत नाहीं. वहाणेंतला खिळा पायांत घुसला तरी मनुष्य तसाच चालत राहतो. अशा न कळलेल्या जखमा चिघळून बोटें झिजतात. म्हणजे नाश वेदनेनें होत नाहीं. वेदना गेल्यामुळें होतो. १९८२ पासून चालू झालेल्या संयुक्त औषधांनीं हा रोग आतां बरा होतो, आणि तो पापाची शिक्षा नव्हे, हेंही आपण गांवोगांव सांगितलें पाहिजे.

ह्यावरून असें दिसतें कीं वेदना ही शरीराचा जागल्या आहे. रात्रीं तो ओरडतो तेव्हां झोप मोडते, म्हणून त्याचा राग येतो. पण तो ओरडला नाहीं तर घर लुटलें जातें.

पौलानें मंडळीस एक शरीर म्हटलें आहे, आणि एक अवयव दुखला तर सर्व अवयव त्याबरोबर दुःख भोगतात असें लिहिलें आहे (१ करिंथ १२:२६). तेव्हां मंडळीनें आपणास विचारावें. आपल्यांतील एकाच्या घरीं दोन दिवस चूल पेटली नाहीं, तर ती कळ आपणांपर्यंत पोहोंचते काय? जी मंडळी गाणें उत्तम गाते, पण जिला आपल्याच अवयवाचें दुखणें कळत नाहीं, ती निरोगी नव्हे. दुःखाचा एक हेतु हा, कीं आपण एकमेकांचे आहों हें त्यानें कळावें.

४. रमाबाईंच्या अंतःकरणाची भेग

पंडिता रमाबाई ह्यांचें नांव आमच्या मुलांसही ठाऊक आहे. पण त्यांच्या कार्याचें मूळ कोठें होतें हें थोड्यांच्याच ध्यानांत येतें. त्यांचा जन्म १८५८ सालीं झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. त्यांनीं लोकनिंदा सोसून आपल्या पत्नीस संस्कृत शिकविलें, आणि त्या माउलीनें तें रमाबाईंस शिकविलें. पुराणें सांगत व तीर्थें हिंडत हें कुटुंब आपला निर्वाह करीत असे. १८७४ च्या सुमारास दुष्काळानें गांठलें. जवळ होतें तें सर्व सरलें. प्रथम वडील गेले, थोड्याच काळांत आई गेली, नंतर थोरली बहीण गेली. आई मरणपंथास लागली असतां रमाबाई तिच्यासाठीं भाकरीचा तुकडा मागावयास एका घरीं गेल्या. पण ज्या मुखांत हजारों श्लोक होते, त्या मुखांतून लाजेनें मागण्याचा शब्द फुटेना. ही आठवण त्यांनीं स्वतः लिहून ठेविली आहे.

पुढें भाऊ श्रीनिवास व रमाबाई हीं दोघें हजारों मैल पायीं हिंडलीं. १८७८ सालीं तीं कलकत्त्यास पोहोंचलीं, आणि तेथील विद्वानांनीं रमाबाईंस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ ह्या पदव्या दिल्या. परंतु १८८० सालीं भाऊही गेला. त्याच वर्षीं त्यांनीं बिपिनबिहारी दास मेधावी ह्यांच्याशीं विवाह केला. १८८२ सालीं तेही पटकीनें वारले, आणि वर्षाचीही पुरी न झालेली मनोरमा कडेवर राहिली. १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें रमाबाईंनीं मुलीसह बाप्तिस्मा घेतला. १८८९ सालीं त्यांनीं मुंबईस विधवांसाठीं शारदासदन काढलें, आणि तें लवकरच पुण्यास नेलें.

मग १८९६–९७ चा दुष्काळ आला. मध्यप्रांतांत माणसें अन्नावांचून मरत आहेत, हें वर्तमान पुण्यांत पुष्कळांनीं ऐकलें असेल. पण रमाबाईंच्या ठायीं वीस वर्षांपूर्वींची भूक जागी झाली. रस्त्याच्या कडेला बसलेल्या मुलीच्या तोंडांतून शब्द कां फुटत नाहीं, हें त्यांस कोणी समजावून द्यावें लागलें नाहीं. त्या स्वतः तिकडे गेल्या, आणि निराधार विधवा व मुली ह्यांस शेंकड्यांनीं घेऊन आल्या. त्या वेळीं पुण्यांत गांठीच्या तापाची सांथ होती, म्हणून एवढ्या मुलींस शहरांत ठेवणें शक्य नव्हतें. तेव्हां दौंड तालुक्यांतील केडगांव येथील शेतावर त्यांची सोय केली. तेथेंच ‘मुक्ति’ उभें राहिलें. १८९९–१९०० सालीं पुन्हा मोठा दुष्काळ पडला. तो आमच्या वऱ्हाडासही भोंवला. तेव्हां आमच्या ह्या जिल्ह्यास वणी जिल्हा म्हणत. त्या सुमारास मुक्तींत सुमारें दीड हजार जीव आश्रयास होते. पतित म्हणून टाकलेल्या बायकांसाठीं कृपासदन, दुबळ्यांसाठीं प्रीतिसदन, आंधळ्यांसाठीं शिक्षण, शिवाय शेती, विणकाम व छापखाना, असें तें एक गांवच झालें. तें कार्य केडगांवीं आजही चालू आहे.

आतां विचार करा. त्या भाकरीच्या तुकड्याची लाज चांगली गोष्ट होती काय? नाहीं. आईची भूक चांगली होती काय? नाहीं. आई गेली ती परत आली नाहीं. त्या दुष्काळांत रमाबाईंसारख्याच भेगा हजारों अंतःकरणांस पडल्या असतील, आणि त्यांतील पुष्कळ कोरड्याच राहिल्या असतील. रमाबाईंच्या ठायीं त्या भेगेंत ख्रिस्ताची कृपा उतरली, म्हणून तेथून दीड हजार जीवांस भाकर मिळाली. ज्या सांत्वनानें देव आमचें सांत्वन करितो त्याच सांत्वनानें आम्हीं इतरांचें करावें, असें जें पौल सांगतो, तें हेंच. आमच्या गांवच्या त्या वृद्ध बाईंत व पंडिता रमाबाईंत विद्येचें अंतर फार मोठें होतें. पण दोघींच्या भाकरीचें पीठ एकाच जात्यांतून निघालें होतें.

आणखी एक गोष्ट. मुक्ति उभें राहिलें म्हणून रमाबाईंचें दुःख संपलें नाहीं. त्यांस कानांनीं नीट ऐकूं येत नसे. जिच्या हातीं सर्व कार्य सोंपवावें ती मनोरमा १९२१ सालीं वयाच्या चाळिसाव्या वर्षीं वारली. तरी हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलाचें सोप्या मराठींत भाषांतर करण्याचें काम त्यांनीं सोडलें नाहीं. अडाणी बायकांसही तें समजावें अशी त्यांची तळमळ होती. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या प्रभूकडे गेल्या, आणि तें बायबल १९२४ सालीं प्रसिद्ध झालें.

५. निघणारा कांटा व न निघणारा कांटा

ह्या शिकवणीचा दुरुपयोग होऊं नये, म्हणून येथें एक इशारा देणें अवश्य आहे. दुःखांतून देव चांगलें उत्पन्न करितो, म्हणून दुःख तसेंच राहूं द्यावें, असें कोणी समजूं नये. पौलानें शरीरांतील कांटा काढावा म्हणून तीनदां विनंती केली. प्रभूनें स्वतः गेथशेमानेंत तो प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली. तेव्हां दुःख दूर व्हावें असें मागणें हा अविश्वास नव्हे. जो कांटा निघण्यासारखा आहे तो काढलाच पाहिजे. जो मागूनही निघत नाहीं, त्याच्यासाठीं पौलास कृपेचें वचन मिळालें. आणि त्याच्या दुबळेपणांत ख्रिस्ताचें सामर्थ्य वस्तीस आलें.

२०१७ च्या हंगामांत आमच्या जिल्ह्यांत कपाशीवर कीटकनाशक फवारतांना शेंकडों शेतकऱ्यांस व मजुरांस विषबाधा झाली, आणि सुमारें वीस जण दगावले. त्यास ‘देवाची इच्छा’ म्हणून स्वस्थ बसणें हें पाप होय. मजुरास तोंड झांकण्याचें साधन व हातमोजे द्यावे, वाऱ्याच्या उलट फवारूं नये, आणि भोंवळ येतांच त्यास दवाखान्यांत न्यावें, हें सांगणें उपदेशकाच्या कामाचाच भाग आहे. तसेंच नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईस ‘तुझा वधस्तंभ उचल’ असें सांगूं नये. तिला आश्रय द्यावा, आणि मार थांबवावा.

ज्याचें मन इतकें खचलें आहे कीं त्यास जगणेंच नको वाटतें, त्यास एकटें सोडूं नये. त्याजजवळ बसावें, त्याचें सर्व ऐकून घ्यावें, घरच्यांस सावध करावें आणि डॉक्टरांकडे न्यावें. शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून चालू आहे. तेथें फोनवर मराठींतूनही बोलतां येतें. तो क्रमांक प्रार्थनामंदिराच्या भिंतीवर लिहून ठेवावा. प्रार्थना आणि औषध हीं एकमेकांचीं वैरी नव्हेत. चिखल लावणारा आणि तळ्यावर पाठविणारा प्रभु एकच होता.

६. घाव राहिले

पुनरुत्थान झाल्यावर प्रभु थोमासमोर उभा राहिला, तेव्हां त्याच्या हातांचे व कुशीचे घाव बुजलेले नव्हते (योहान २०:२७). देवाच्या सामर्थ्यास ते बुजविणें अशक्य होतें काय? पण ते राहिले. आणि ज्या खुणा मरणाच्या होत्या त्यांवरूनच शिष्यानें आपल्या प्रभूस ओळखलें. आमचेही कांहीं घाव ह्या जगांत बुजणार नाहींत. घर सोडून गेलेला परत येणार नाहीं. विकलेलें शेत कदाचित् पुन्हा मिळणार नाहीं. परंतु त्याच घावावरून उद्यां एखादा दुःखी मनुष्य आम्हांस ओळखील, आणि हा माझें ऐकून घेईल असें त्याच्या मनांत येईल. ख्रिस्ती मनुष्याच्या दुःखांत जें सौंदर्य आहे तें हें.

त्या बाईच्या प्रश्नास आमच्यापाशीं अजूनही पुरतें उत्तर नाहीं. तिची पोरें आतां हातातोंडाशीं आलीं आहेत. गेल्या पावसाळ्यांत शेजारच्या गांवीं एका घरीं तसाच आकांत झाला, तेव्हां आम्ही निघण्यापूर्वींच ती पदरांत पीठ बांधून पुढें गेली होती.

मंडळींत विचारण्यासाठीं प्रश्न

(१) ईयोबाच्या मित्रांचें काय बरोबर होतें व काय चुकलें?
(२) जन्मांधाविषयीं शिष्यांनीं काय विचारलें? प्रभूनें काय म्हटलें व काय केलें?
(३) वेदना शरीराचें रक्षण कसें करिते? मंडळीस हें कसें लागू पडतें?
(४) रमाबाईंच्या लहानपणच्या दुःखाचा त्यांच्या पुढील कार्याशीं कोणता संबंध होता?
(५) आपल्या गांवांत आज कोणाच्या घरीं दुःख आहे? ह्या आठवड्यांत तेथें कोण जाईल, आणि बरोबर काय नेईल?

उपदेशकांनीं पांचव्या प्रश्नाचें उत्तर तोंडी घेऊन थांबूं नये. जाणाऱ्याचें नांव लिहून घ्यावें, आणि पुढल्या रविवारीं तो जाऊन आला कीं नाहीं हें विचारावें.